‘सिम्बलाइझ’बद्दल फिरणारे तीन चुकीचे नियम

स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर इंग्रजी शब्दांचे तक्ते फिरत असतात. त्यांत ‘सिम्बलाइझ’ (प्रतीक असणं) या क्रियापदाबद्दल तीन गोष्टी ठासून सांगितलेल्या दिसतात. शेवटी झेड लिहिलं तर स्पेलिंग अमेरिकन, म्हणून आपल्याकडे चूक. चित्राचं वर्णन करताना ‘इज सिम्बलाइझिंग’ लिहा. आणि ‘रिप्रेझेंट’च्या जागी बिनधास्त हाच शब्द घाला, उत्तराला वजन येतं. मराठी माध्यमातली मुलं हे तक्ते जसेच्या तसे पाठ करतात आणि बरोबर लिहिलेलं खोडून चूक करून ठेवतात. म्हणून हे खोडून काढणं भाग आहे.

झेडवालं रूप अमेरिकेतून आलेलं नाही. शब्दाच्या शेवटचा ‘-आइझ’ हा प्रत्यय मूळचा ग्रीक, लॅटिनमार्गे आलेला, आणि ग्रीकमध्ये त्या जागी झीटा हे अक्षर आहे. एसवालं रूप फ्रेंच वळणाचं. १६११ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या किंग जेम्स बायबलात ‘बॅप्टाइझ’ झेडनेच आहे. अमेरिकन स्पेलिंगला वळण लावणारा नोआ वेबस्टर जन्मला १७५८ साली! आजही ऑक्सफर्डचे कोश झेडला पहिला मान देतात. जागतिक आरोग्य संघटनेचं इंग्रजी नाव बघा: ‘ऑर्गनायझेशन’मध्ये झेड आहे, पण तीच संघटना ‘प्रोग्रॅम’ मात्र ब्रिटिश पद्धतीने, शेवटी दोन एम आणि ई लावून लिहिते. आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत एस जास्त दिसतो, तोही बरोबरच. एका उत्तरात एकच रूप ठेवा, एवढंच पथ्य. फक्त ‘अ‍ॅडव्हर्टाइझ’, ‘सरप्राइझ’, ‘एक्सरसाइझ’ यांत एस पक्का, कारण तिथे हा ग्रीक प्रत्यय नाहीच.

‘इज सिम्बलाइझिंग’चं थोडक्यात उरकतं. ‘दर्शवत आहे’ हे मराठी वाक्य डोक्यात ठेवून ते लिहिलं जातं. पांढरं कबूतर शांततेचं प्रतीक आहे, ही स्थिती झाली; आत्ता चाललेली क्रिया नव्हे. तिथे साधा वर्तमानकाळच हवा. शिवाय या क्रियापदापुढे ‘ऑफ’ किंवा ‘टू’ लागत नाही. ‘ऑफ’ लागतो तो ‘सिम्बल’ या नामाला.

सगळ्यात जास्त नुकसान तिसऱ्या सल्ल्याने होतं. खासदार मतदारसंघाला ‘रिप्रेझेंट’ करतो, वकील अशिलाला करतो, नीरज चोप्रा भारताला करतो. या तिन्ही ठिकाणी ‘सिम्बलाइझ’ घातलं की अर्थच बदलतो, कारण इथे कुणीतरी कुणाच्या तरी वतीने उभं आहे. ‘सिम्बलाइझ’मध्ये एखादी वस्तू, रंग किंवा कृती डोळ्यांना न दिसणाऱ्या कल्पनेची खूण बनते, आणि ती खूण माणसांनी ठरवलेली असते.

आपल्या झेंड्याचंच घ्या. १९२१ साली गांधीजींनी सुचवलेल्या झेंड्यात लाल रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर धर्मीयांचा होता. १९३१ साली काँग्रेसने लालच्या जागी केशरी घेतला आणि रंगांना धर्माचा अर्थ नाही असं स्पष्ट केलं: केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा. पुढे १९४७ च्या जुलैमध्ये संविधान सभेत डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी हिरव्याचं नातं इथल्या मातीशी आणि वनस्पतींशी जोडलं. हिरवा तोच, अर्थ नवा. ‘सिम्बलाइझ’ला जे सांगायचं असतं ते हेच.

भारतीय ध्वजसंहितेत राधाकृष्णन यांचं झेंड्याबद्दलचं जे स्पष्टीकरण दिलं आहे, त्यातली क्रियापदं मला मुद्दाम दाखवावीशी वाटतात. केशरी रंग त्याग ‘डिनोट’ करतो, पांढरा म्हणजे प्रकाशच ‘आहे’, हिरवा मातीशी नातं ‘शोज’, चक्र शांततामय परिवर्तनाची गतिशीलता ‘रिप्रेझेंट’ करतं. आपल्या सर्वांत मोठ्या प्रतीकाचा अर्थ सांगताना त्यांनी चार जागी चार साधी क्रियापदं वापरली, आणि त्यांत ‘सिम्बलाइझ’ नाही. झेंड्यावर निबंध आलाच तर तक्त्यातला शब्द दहा वेळा घालण्यापेक्षा ते स्पष्टीकरण एकदा मोठ्याने वाचा.