माई गुलाम नव्हता: नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीविषयी फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

नामवंत व्यक्तींची चित्रे जपणाऱ्या लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीविषयीचा एक मराठी मजकूर व्हॉट्सॲपवर सर्रास फिरतो आहे आणि आता तो माझ्या भाचीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा उतरला आहे, म्हणून हे लिहिणे भाग पडले. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकने पॅसिफिकमधून पकडून आणलेल्या एका गुलामाचे चित्र या गॅलरीने २०२३ मध्ये करदात्यांचे ५ कोटी पौंड मोजून घेतले, तिथला सारा संग्रह लुटीचा आहे, शेक्सपिअरचा एकमेव अस्सल चेहरा तिथे आहे, आणि क्लाइव्ह व हेस्टिंग्ज यांची चित्रे जपून ठेवणारा ब्रिटन आजही त्यांची पूजा करतो.

यांतला पहिला मुद्दा सर्वांत खोटा आणि सर्वांत घातक आहे. सर जोशुआ रेनॉल्ड्स यांनी १७७६ च्या सुमारास रंगवलेल्या त्या पूर्णाकृती चित्रातला तरुण म्हणजे माई. इंग्रज त्याला ओमाई म्हणत. तो मूळचा पॅसिफिकमधल्या रायातेआ बेटावरचा. बोराबोरा या दुसऱ्या बेटाच्या लोकांनी स्वारी करून त्याच्या घराण्याची जमीन बळकावली आणि त्याला परागंदा व्हावे लागले. १७७३ मध्ये कुकच्या दुसऱ्या सफरीतले ‘ॲडव्हेंचर’ हे जहाज हुआहिने बेटाशी आले, तेव्हा तो आपणहून त्यावर चढला; शिवाय त्या जहाजाचा कप्तान कुक नव्हताच, टोबायस फर्नो होता. जहाजाच्या हजेरीपटावर माईची नोंद खलाशी म्हणून आहे, आणि या वादात मला तो एकच कागद पुरेसा वाटतो. ज्याला पकडून आणले, त्याचे नाव खलाशांच्या पटावर कशाला चढेल? १७७४ च्या जुलैमध्ये इंग्लंडला पोहोचल्यावर काही दिवसांतच तो तिसऱ्या जॉर्ज राजाला भेटला, तिथे त्याने देवी टोचून घेतल्या, सरदारांच्या घरी पाहुणचार घेतला आणि १७७६ मध्ये कुकच्या तिसऱ्या सफरीबरोबर तो मायदेशी परतला. बंदुका मिळवाव्यात आणि बोराबोराच्या लोकांकडून वडिलांची जमीन सोडवावी, हा त्याचा स्वतःचा हेतू होता. साम्राज्यवादाचा निषेध करण्याच्या भरात हा मजकूर माईचा हेतू, त्याचा निर्णय आणि त्याचे धाडस पुसून टाकतो आणि त्याला नुसती उचलून आणलेली वस्तू करून ठेवतो, याचा मला मनापासून संताप येतो.

यात एक अर्धसत्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. रेनॉल्ड्सने रंगवलेला माई हा बराचसा युरोपच्या कल्पनेतला माई आहे. पायघोळ पांढरा झगा, फेट्यासारखे शिरोवस्त्र, अनवाणी पाय आणि प्राचीन पुतळ्यासारखी ऐटदार उभी ठेवण हे सारे लंडनच्या प्रेक्षकांसाठी आहे. मात्र त्याच्या हातांवरचे गोंदण चित्रकाराने झाकलेले नाही. ते चित्रात स्पष्ट दिसते.

पैशांचा हिशेबही चुकीचा आहे. ५ कोटी पौंड ही किंमत खरी, पण तिचा निम्मा भाग लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेने उचलला आणि चित्र दोघांच्या सामाईक मालकीचे आहे. उरलेल्या निम्म्यात नॅशनल हेरिटेज मेमोरियल फंड या सरकारी निधीचे १ कोटी पौंड होते, म्हणजे सार्वजनिक पैसा होताच, एवढे मी नाकारत नाही. पण बाकीच्या रकमेसाठी देणगीदार शोधावे लागले.

लुटीच्या आरोपावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. गॅलरीच्या नोंदवहीत पहिला क्रमांक शेक्सपिअरच्या ‘चँडोस’ चित्राचा आहे. लॉर्ड एल्समियर यांनी ते १८४८ च्या लिलावात ३५५ गिनींना (गिनी हे जुने इंग्रजी चलन) विकत घेतले आणि १८५६ मध्ये गॅलरीला भेट दिले. ब्राँटी भगिनी या इंग्रज लेखिकांचे त्यांच्या भावाने काढलेले चित्र १९१४ मध्ये आयर्लंडमधल्या एका घरात कपाटावर घडी घालून ठेवलेले सापडले, आणि त्या घड्यांच्या खुणा कॅनव्हासवर आजही दिसतात. राहिला शेक्सपिअरच्या अस्सल चेहऱ्याचा प्रश्न. ‘चँडोस’ चित्र त्याला समोर बसवून काढलेले असण्याची शक्यता मोठी आहे, पण ते सिद्ध करता येत नाही, असे खुद्द गॅलरीच सांगते. मग ‘एकमेव अस्सल’ हा शिक्का कोणी मारला?

पूजेच्या मुद्द्याला उत्तर गॅलरीच्या स्थापनेच्या वेळच्या नियमातच आहे. चित्रकाराच्या गुणवत्तेपेक्षा चित्रातल्या व्यक्तीची ख्याती पाहावी, आणि तिचे मोठे दोष व चुका सर्वांनी मान्य केलेले असले तरी तेवढ्या कारणाने चित्र नाकारू नये, असे विश्वस्तांनी तेव्हाच ठरवले होते. अर्थात हा नियम करणाऱ्यांत इतिहासकार मेकॉले होता, आणि क्लाइव्हची थोरवी गाणारा दीर्घ निबंध त्यानेच लिहिला होता, हे विसरून चालणार नाही. क्लाइव्हच्या चित्राशेजारी त्याने बंगालमध्ये काय केले ते स्पष्ट लिहिलेले असावे, असा आग्रह कोणी धरत असेल तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण चेहरा संग्रहात आहे, एवढ्यावरून पूजेचा निष्कर्ष काढता येत नाही.