लॉक काढण्याआधी पॅकेटचा क्रम बघा
कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) नेटवर्क स्टॅकमधला, म्हणजे पॅकेट हाताळणाऱ्या भागातला, एकच मोठा लॉक (एका वेळी एकाच कोअरला आत येऊ देणारं कुलूप) काढला की प्रोसेसरच्या कोअरच्या संख्येनुसार वेग वाढेल, असं एका लेखात म्हटलंय. तेवढ्याने भागत नाही. एकाच टीसीपी कनेक्शनची पॅकेट वेगवेगळ्या कोअरवर गेली तर क्रम बिघडतो. तीन डुप्लिकेट एसीके (त्याच पोचपावत्या पुन्हा) पोचले की पाठवणारा पॅकेट हरवलं असं धरून ते पुन्हा पाठवतो, वर कंजेशन विंडोही (पोचपावतीविना एका वेळी किती डेटा पाठवायचा ती मर्यादा) घटवतो. म्हणजे लॉक गेला तरी वेग पडतोच! म्हणून आधी दोन्हीकडचे आयपी पत्ते आणि पोर्ट यांच्या हॅशवरून (त्यांपासून काढलेल्या आकड्यावरून) प्रत्येक फ्लो, म्हणजे एका कनेक्शनची सगळी पॅकेट, एका ठरावीक कोअरच्या रांगेला बांधा. राउटिंग टेबलसाठी (पॅकेट कुठे पाठवायचं त्या यादीसाठी) लिनक्ससारखं आरसीयू उत्तम: वाचणाऱ्याला लॉक लागत नाही, बदलणारा नवी प्रत करून ती जागी ठेवतो. कारण या टेबलचं वाचन सतत, बदल त्यामानाने क्वचित.

आणि चाचणी ६४ बाइटच्या फ्रेमवरच (इथरनेटवरच्या सगळ्यात लहान पाकिटांवरच) घ्या. १० गिगाबिटच्या लिंकवर अशा फ्रेम दर सेकंदाला सुमारे १.४८ कोटी येतात, १५१८ बाइटच्या जेमतेम ८ लाख. लॉकचा खर्च दर पॅकेटमागे असतो, म्हणून मोठ्या फ्रेममध्ये तो लपून जातो.