खुलासा : चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या अँटिबायोटिकबद्दल
‘पापण्यांची शस्त्रक्रिया किंवा फेसलिफ्ट (चेहऱ्याची सैल कातडी ताणून घेण्याची शस्त्रक्रिया) झाली की सात दिवस अँटिबायोटिक घ्याच, नाहीतर टाके पिकतात’ असा मेसेज फिरतोय. हे सरसकट खरं नाही. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे तिथे जंतुसंसर्ग मुळातच कमी. संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिकचा प्रतिबंधक डोस लागलाच तर तो बहुधा चीर देण्याआधीच्या तासाभरात शिरेतून देतात; चीर पडेपर्यंत औषध तिथे पोचलेलं असावं म्हणून. शस्त्रक्रिया संपल्यावर तो पुढे चालू ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. उगाच घेतलेल्या गोळ्यांनी जुलाब, पुरळ तेवढे पदरी पडायचे. इम्प्लांट (शरीरात बसवलेला कृत्रिम भाग) वगैरे असेल तर निर्णय सर्जनचा. त्यांनी लिहून दिलेली गोळी हे वाचून बंद करू नका. लाली वाढली, पू आला, ताप चढला तर थेट त्यांनाच दाखवा. तो मेसेज मात्र कृपया पुढे ढकलू नका.