‘ताई, आपण वर्गात कधी उभ्या राहिलात?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘पंचविसाची पिन’ या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोन दिवस तशीच राहू दिली, कारण लगेच उत्तर लिहिले असते तर ते छापण्याजोगे उरले नसते. उत्तर लांबले आहे. परंतु आपण चौतीस वर्षे शिक्षक आणि त्यांतील शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक होतात, असे आपणच नमूद केले असल्यामुळे लांबलचक उत्तरपत्रिका तपासण्याची आपणांस सवय असावी.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भोसरीतील ज्या प्रशिक्षण शेडमध्ये मी शिकाऊ उमेदवारांना मोजमाप शिकवते, तेथे दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला एक पिन (धातूचा दंडगोल तुकडा), एक मायक्रोमीटर (मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारे साधन) आणि एक ड्रॉइंग दिले जाते. ड्रॉइंगवर व्यास २५ मिमी आणि टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, अधिक-उणे ०.०२ असतो. पिन मात्र मी मुद्दाम २४.९२ ला ग्राइंड करून घेतलेली असते, म्हणजे ऐंशी मायक्रॉन (०.०८ मिमी) अंडरसाइज आणि सरळ रिजेक्ट. नवशिक्याचा हात वीसेक मायक्रॉन इकडेतिकडे गेला तरी त्या पिनेवर २५.०० हे रीडिंग येऊ शकत नाही. मागच्या बॅचमधील दहांपैकी तिघांनी २५.०० लिहून खाली ‘ओके’ असा शेरा मारला होता. त्यांनी माप घेतलेच नव्हते, ड्रॉइंगवरचा आकडा उतरवला होता. त्या तिघांशी पुढे काय बोलणे झाले, कामातला खरेपणा उपदेशाने न येता कामातूनच कसा अंगी लागतो आणि हे शिकणे नोकरी लागल्यावर का थांबू नये, एवढाच त्या लेखाचा विषय होता.

आपल्या प्रतिक्रियेत पाच गोष्टी होत्या. ज्ञान प्रबोधिनी या पुण्यातील शिक्षणसंस्थेचे स्थापनावर्ष मी चुकीचे दिले. पिन देऊन मुलांना पकडणे हा सापळा आहे, त्याला चारित्र्य घडवणे म्हणत नाहीत. फळा आणि खडू यांवर आमच्या पिढ्या उत्तम घडल्या. ‘आजन्म शिक्षण’ हा आता प्रमाणपत्रे विकण्याचा धंदा झाला आहे. आणि शेवटी, ‘ज्यांनी साठ मुलांच्या वर्गासमोर एक तासही उभे राहून पाहिलेले नाही, त्यांनी शिक्षकांना शिकवण्याची घाई करू नये.’

वर्षाची चूक माझी आहे आणि ती मी मान्य करते. आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली ती १९६२ साली. मी लिहिलेले १९६९ हे तिच्या प्रशालेच्या सुरुवातीचे वर्ष आहे आणि दोहोंची माझ्याकडून गल्लत झाली. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. पुण्यात राहून ही चूक व्हायला नको होती, हे आपले म्हणणेही रास्त आहे.

आता आपल्या सुराबद्दल. ‘ताई, लेख छान जमला आहे, परंतु’ अशी आपली सुरुवात आहे. छान जमतात ते पोहे. वयाने आपण मोठे आहात, ताई म्हणण्याचा आपला अधिकार मी नाकारत नाही, परंतु माझ्या लेखाखाली ज्या पुरुष वाचकांनी मतभेद नोंदवले त्यांना आपण उत्तरात ‘सर’ म्हटले आहे आणि मला एकटीला घरातली केले आहे, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. मोजमाप हा माझा व्यवसाय आहे.

राहिले ते शेवटचे वाक्य. त्याला मी सविस्तर उत्तर देणार आहे, कारण त्यात माझ्याविषयी एक विधान आहे आणि ते खोटे आहे.

मेकॅनिकलचा डिप्लोमा संपवून १९९३ साली मी भोसरीतील एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात लागले. शॉप फ्लोअरवर आम्ही दोघीच मुली होतो. तीन वर्षांनी, पगार पुरत नव्हता म्हणून, पुण्यातील एका पॉलिटेक्निकमध्ये संध्याकाळच्या तुकडीला तासिका तत्त्वावर शिकवू लागले. पहिली पाळी सुटली की पीएमटीच्या बसने मनपाच्या थांब्यापर्यंत यायचे, तेथून दुसरी बस, चार जिने, आणि वर चौसष्ट मुलामुलींचा वर्ग. साठ नव्हे, चौसष्ट. आणि एक तास नव्हे, सहा वर्षे. आपण हे विचारले असते तर मी सांगितले असते, परंतु आपण विचारले नाहीत, ठरवून टाकलेत.

त्या वर्गात पहिली दोन वर्षे मी अगदी आपल्या पिढीच्या पद्धतीने शिकवले, हेही सांगते. फळ्यावर रंगीत खडूने मायक्रोमीटरची आकृती काढायचे. फ्रेम, ॲन्व्हिल, स्पिंडल, स्लीव्ह, थिंबल, रॅचेट असे सगळे भाग बाणांनी दाखवायचे. थिंबल म्हणजे फिरवायची बाहेरची नळी, तिच्या एका फेऱ्याला अर्धा मिलिमीटर, थिंबलवर पन्नास भाग, म्हणून एक भाग म्हणजे ०.०१ मिमी, हे मी इतके सुरेख समजावत असे की मुले माना डोलवत. परीक्षेत आकृत्याही सुरेख आल्या. मग एका संध्याकाळी कारखान्यातून मागून आणलेला एक मायक्रोमीटर मी दहापैकी नऊ गुण मिळवलेल्या मुलीच्या हातात दिला. तिने थिंबल लोणच्याच्या बरणीचे झाकण लावावे तशी गच्च आवळली. थिंबलच्या टोकाचा रॅचेट कशासाठी असतो हे तिने पेपरात लिहिले होते, ‘मापनदाब एकसमान राखण्यासाठी’, आणि तिचा हात मात्र रॅचेटला लागलासुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मी फळ्यावरच्या माझ्या आकृतीकडे बघत होते. त्या क्षणी नापास कोण झाले, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.

त्यानंतर मी बोलणे पंधरा मिनिटांवर आणले. गेट पास करून कारखान्यातील रिजेक्ट झालेले बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, कापडी पिशवीतून घेऊन जात असे. दोघादोघांनी एकच बुश मोजायचा, रीडिंग एकमेकांना न दाखवता लिहायचे, मग कागद उघडायचे आणि फरक का पडला यावर भांडायचे. भांडण हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. ‘तू रॅचेट फिरवलाच नाहीस’, ‘बुशला तेल होते, तू पुसले नाहीस’, ‘झिरो तपासला होतास का?’ असे ते चाले आणि त्या अर्ध्या तासात माझे काम फक्त तोंड बंद ठेवण्याचे असे, जे आपल्याप्रमाणेच मलाही अवघड जाते. पुढे ‘पोर्शन मागे पडतो’ असे कारण देऊन माझे तास काढून घेण्यात आले. ती संस्था कोणती, याला येथे महत्त्व नाही. वर्गासमोर उभे राहण्याचा माझा अनुभव असा सहा वर्षांचा आहे आणि त्यानंतर शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली येणाऱ्या मुलांना शिकवण्याची चौदा वर्षे वेगळी. चौतीसाशी तुलना करायची असेल तर बेरीज वीस होते. चौदा वर्षांनी आपण जिंकलात.

त्या पॉलिटेक्निकमध्ये मला जे दिसले ते माझ्या एकटीचे खूळ नव्हते, हे मला फार उशिरा कळले. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या पदवी वर्गांवर झालेल्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेत स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापास होण्याचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते आणि जेथे विद्यार्थी काही करत होते, सोडवत होते, एकमेकांना समजावत होते तेथे ते २१.८ टक्के होते. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला याहूनही बोलका वाटतो. तेथे कृतीतून शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले, परंतु आपण अधिक शिकलो असे वाटले ते ओघवते व्याख्यान ऐकलेल्यांना. ओघवत्या बोलण्याने समजल्यासारखे वाटते, आणि स्वतः धडपडताना आपले अज्ञान पदोपदी बोचत राहते. ‘आमच्या पिढ्या फळ्यावरच घडल्या’ या आपल्या तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर यातच आले, त्यामुळे त्यावर वेगळे लिहीत नाही. आपल्या पिढ्या घडल्या याबद्दल दुमत नाहीच. कशामुळे घडल्या, हे घडलेल्यांना विचारून कळत नाही, एवढेच.

सापळ्याचा मुद्दा. प्रामाणिकपणा प्रसंगागणिक बदलतो असे जुने संशोधन आहे, ‘ते आपणांस ठाऊक नसावे’, असे आपण जाता जाता लिहिले आहे. ठाऊक आहे. हार्टशॉर्न आणि मे या अमेरिकी संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांच्या चाचण्या घेऊन १९२८ ते १९३० या काळात तीन खंड प्रसिद्ध केले आणि एका ठिकाणी फसवणारे मूल दुसऱ्या ठिकाणी फसवेलच असे नाही, हे दाखवले. मी यातून उलट अर्थ काढते. प्रामाणिकपणा सरसकट अंगी बाणत नसेल, तर जो प्रामाणिकपणा मायक्रोमीटर हाती असताना लागतो तो मायक्रोमीटर हाती देऊनच शिकवावा लागेल. परिपाठाच्या वेळी सुविचार वाचून तो येणार नाही. माझ्या शेडमध्ये खरे वागलेला मुलगा घरी, बँकेत किंवा निवडणुकीत कसा वागेल, हा प्रश्न आपण विचारला आहे, तो मोठा आहे आणि माझ्या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

परंतु सापळा या शब्दावर मी थांबते, कारण खोट्या आकड्यांवर पकडले जाणे मी स्वतः सोसले आहे. १९९४ सालचा श्रावण होता. चाळीस बुशांचा एक ट्रे तपासून रिपोर्ट द्यायचा होता आणि शिफ्ट संपायला वीस मिनिटे होती. मी आठ मोजले आणि चाळीस लिहिले. आकडे सगळे सारखे लिहू नयेत एवढी अक्कल होती, म्हणून एखादा १८.०१, एखादा १७.९९ असे पेरले. तीन आठवड्यांनी ग्राहकाकडून लॉट परत आला. आमच्या साहेबांनी आरडाओरडा केला नाही. परत आलेले बुश त्यांनी माझ्या टेबलावर ओतले, शेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, ‘मोज, मी लिहितो.’ एकेक आकडा मी मोठ्याने सांगत होते आणि ते माझ्या जुन्या रिपोर्टच्या शेजारच्या रकान्यात लिहीत होते. अकराव्या बुशपासून माझा आवाज बसला. ते सगळे चाळीस होईपर्यंत उठले नाहीत. त्या दिवशी कोणी सापळा लावला नव्हता, तो प्रसंग खराच होता आणि त्याची किंमत एक आख्खा लॉट होती. माझ्या मुलांना तोच प्रसंग मी एका पिनेच्या किमतीत देते. याला आपण काय नाव द्यावे, ते आपण ठरवा. त्या तिघांना मी सर्वांसमोर उभे केले नाही, हे मूळ लेखात लिहिले होते. आपण तेवढे वाचले नसावे.

प्रमाणपत्रांच्या धंद्याबद्दल आपण बऱ्याच ओळी लिहिल्या आहेत. धंदा आहे, कोण नाही म्हणते? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० शिक्षकाकडून वर्षाला किमान पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते, प्रॅक्टिस करणाऱ्या चार्टर्ड अकाउंटंटला तीन वर्षांत १२० तास भरावे लागतात, महाराष्ट्रातील डॉक्टरांना पाच वर्षांत तीस गुण, आणि यांतील कित्येक तास चहा-बिस्किटांच्या प्लेटमागे जातात, हे मीही पाहिले आहे. म्हणून शिकणेच सोडायचे का? धोंडो केशव कर्वे १९२९ साली परदेश दौऱ्यावर निघाले तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि त्यांना कोणी गुण देणार नव्हते. यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. येथे एवढे पुरे.

आपल्या प्रतिक्रियेला अकरा जणांनी पसंती दिली आहे, त्यांतील दोघे माझे जुने सहकारी आहेत, तेही मी पाहिले. त्यांच्याशी मी फोनवर बोलेन.

आपणांस मात्र निमंत्रण आहे, आणि ते उपरोधाने दिलेले नाही, निदान पूर्णपणे नाही. नवी बॅच लागली आहे. येत्या शनिवारी पिनेचा दिवस आहे. मुलांच्या रांगेत बसावे, पिन घ्यावी, मायक्रोमीटर घ्यावा आणि रीडिंग आपल्या हाताने लिहावे. या वेळी पिन कितीला ग्राइंड केली आहे, हे मी ग्राइंडरवाल्यालाही विचारलेले नाही, म्हणजे मलाही सर्वांबरोबर मोजावी लागेल. वाचायचा चष्मा आणावा, थिंबलवरच्या रेघा बारीक असतात. शेड सकाळी नऊला उघडते आणि सव्वानऊला आम्ही दार लावून घेतो.