अल्ब्युमिन उतरलं म्हणून घरच्यांना बोल लावू नका

कॅन्सरच्या पेशंटचा रक्ताचा रिपोर्ट हातात आला की सगळे आधी ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरमुळे रक्तात वाढू शकणारे पदार्थ, शोधतात. सीईए किती, सीए १९-९ किती. पण पुढचा काळ कसा जाईल याचा अंदाज पुष्कळदा साध्या, स्वस्त तपासण्याच देतात, आणि त्यांच्याबद्दल पेशंटशी कुणी धड बोलत नाही, याची मला फार चीड येते.

आजारामुळे शरीरात दाह वाढला की यकृत सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन भराभर बनवतं आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या नेहमीच्या प्रथिनाचं काम मागे टाकतं. कॅन्सरच्या पेशंटचा धोका मोजणारा सुधारित ग्लासगो स्कोअर यावरच उभा आहे. सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की १ गुण. त्यात अल्ब्युमिनही लिटरला ३५ ग्रॅमच्या खाली असेल तर २. गुण जास्त, तितका धोका जास्त. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरची स्टेज तर २००५ पासून अल्ब्युमिन आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन (रक्तातलं आणखी एक प्रथिन) या दोन आकड्यांवर ठरवता येते.

हे समजावून न सांगितल्यामुळे घरात काय होतं? अल्ब्युमिन उतरलं की पेशंटच्या मागे लागतात, "तू खात नाहीस म्हणून झालं." त्या बिचाऱ्याला घास गिळवत नसतो. जी बायको किंवा मुलगी रात्रंदिवस करत असते, तिलाही वाटतं आपणच कमी पडलो. अहो, आहार सांभाळायलाच हवा, पण इथे आजारच यकृताची कामं बदलतोय. यात त्या दोघांचाही दोष नाही.

आणि एका रिपोर्टवर हाय खाऊ नका. साधं इन्फेक्शनही सीआरपी वाढवतं. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर, हाही असाच एक आकडा, स्टेरॉइडमुळेही चढतं. उलट काहींच्या शरीरात सीए १९-९ जन्मतःच तयार होत नाही, त्यांचा 'नॉर्मल' काहीच सांगत नाही. शिवाय हे अंदाज शेकडो पेशंटांवरून काढलेले असतात. जगण्याच्या काळाचा मध्यक सहा महिने असेल तर निम्मे त्याहून जास्त जगलेले असतात. आपला माणूस कोणत्या निम्म्यात, हे रक्त सांगत नाही.

म्हणून आकडा लपवावा, असं मात्र मला अजिबात वाटत नाही. ओळीने दोन-तीन रिपोर्ट बिघडत गेले तर डॉक्टरांनी खुर्ची ओढून बसावं आणि किती जाणून घ्यायचंय, हे आधी पेशंटला विचारावं. नातेवाइकांना बाहेर बोलावून कुजबुजू नये. वेदना, भूक, झोप यांसाठी पॅलिएटिव्ह केअरची टीम तेव्हाच जोडून द्यावी. उपचार चालू असतानाही ती मदत घेता येते. डॉक्टर आपणहून बोलले नाहीत, तर पुढच्या भेटीत तुम्हीच विचारा: हे आकडे बघून तुम्ही उपचारात काय बदलणार आहात?