शाँतालबाई आणि फॉरवर्डवाली शांतला

माझी पुतसून फ्रेंच, लियाँची. तिच्या आईचं नाव शाँताल. नातीला आजीचं नाव मधलं म्हणून द्यायचं ठरत होतं, तेवढ्यात घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला: 'शाँताल हे मूळ संस्कृत नाव! होयसळांची राणी शांतला हिच्यावरून पाँडिचेरीमार्गे फ्रान्सला गेले. अर्थ, शांत गाणे. फ्रान्समध्ये प्राचीन काळापासून मुलींना ठेवतात. अभिमान बाळगा, पुढे पाठवा.' आमच्या ताईने पाठवलाच, वर 'बघ, तुझी आई आपलीच निघाली!' असं जोडून. पोरीने मला विचारलं, काका, खरंच?

नाही गं बाई.

आधी ते पाँडिचेरी. फ्रेंचांची ईस्ट इंडिया कंपनीच मुळी 1664 ची. जिच्यामुळे हे नाव झालं ती झान फ्रान्स्वाझ, दिजाँची मुलगी, 1592 मध्ये शाँतालच्या जहागीरदाराशी लग्न करून शाँतालवाली झाली आणि 1641 मध्ये वारलीसुद्धा. म्हणजे जहाज सुटण्याआधीच माल पोचला!

बरं, उच्चार सारखा म्हणावा, तर तोही आजचा. शांतला राणी बाराव्या शतकातली. त्या काळी फ्रेंच लोक आज जिथे 'श' म्हणतात तिथे 'च' म्हणत. पुरावा रोज आपल्याच तोंडात असतो: इंग्रजीने फ्रेंचकडून आधी उचललेले चेअर, चेंबर 'च'चे राहिले, उशिरा उचललेला शेफ 'श'चा आला. राणीच्या काळात हे नाव 'शां'ने सुरूच होत नव्हतं, मग जुळवता काय?

आणि अर्थ? ऑक्सफर्डचा नावांचा कोश उघडा. शाँताल हे फ्रान्समधल्या सोन-ए-ल्वार जिल्ह्यातल्या एका ठिकाणाचं नाव, दक्षिण फ्रान्सकडच्या जुन्या बोलीतल्या 'कांताल' शब्दावरून. कांताल म्हणजे दगड, धोंडा. शांतही नाही, गाणंही नाही. धोंडो केशव कर्व्यांच्या मुलखात धोंड्याची एवढी लाज का वाटावी, कळत नाही.

एक मान्य करतो, नाइलाजाने. गाण्याला फ्रेंचमध्ये 'शाँ' म्हणतात, त्यामुळे कानाला तसं वाटतं खरं; फ्रेंच लोकही तसंच समजतात. आणि फ्रेंच नि संस्कृत लांबच्या चुलत बहिणी आहेत. दाताला ते 'दाँ' म्हणतात, आपण दंत. पण चुलत बहीण म्हणजे लेक नव्हे.

'प्राचीन काळापासून' हेही सोडून द्या. झान विधवा झाली, बिशप फ्रान्सिस डी सेल्स यांच्याबरोबर (नागपूरच्या एसएफएस कॉलेजवाल्यांना हे नाव सांगायला नको) 1610 मध्ये आनसीला तिने जोगिणींचा संघ काढला, 1767 मध्ये संतपद मिळालं. तिचं आडनाव मुलींचं नाव झालं ते त्यानंतर, जसं संत फ्रान्सिस झेवियरच्या स्पेनमधल्या गावाचं नाव गोव्यात झेवियर म्हणून घरोघरी पोरांना लागलं. जोरात चाललं ते विसाव्या शतकाच्या मध्याला. आज तिकडे शाँताल म्हटलं की डोळ्यांसमोर आजीच येते, आपल्याकडे कुसुम किंवा सुमन म्हटल्यावर येते तशी.

हे सगळं पोरीला सांगितलं. तिला त्यातलं धोंडूबाईच आवडलं. आता आईला फोनवर तीच हाक असते, फक्त तिच्या तोंडी ती 'दोंदुबाई' होते. ताईने फॉरवर्ड अजून काढलेला नाही.