ग्रीस वाचला तो थर्मोपिलीत नव्हे, प्लाटियात

‘फक्त तीनशे स्पार्टन वीरांनी थर्मोपिलीच्या खिंडीत पर्शियाची अफाट फौज रोखली आणि ग्रीस वाचवला. स्पार्टा म्हणजे ग्रीकांच्या स्वातंत्र्याची ढाल!’ हा मजकूर सगळीकडे फिरत असतो. त्या वीरांचं शौर्य खरंच आहे. बाकीचं तपासून पाहू.

‘फक्त तीनशे’: इ.स.पू. ४८० मध्ये स्पार्टाचा राजा लिओनिदास याच्याबरोबर सुरुवातीला काही हजार ग्रीक होते. शेवटच्या दिवशी थेस्पिया या छोट्या नगरातले ७०० जण स्वखुशीने मागे थांबले आणि लढता लढता मेले. त्यांचं नाव कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

‘फौज रोखली’: खिंड तिसऱ्याच दिवशी पडली. पुढे पर्शियाचा राजा झेरक्सीसने अथेन्स जाळलं. सलामिसच्या समुद्रात हरल्यावर तो स्वतः परतला, पण सेनापती मार्डोनियसला मोठ्या सैन्यासह ग्रीसमध्येच ठेवून गेला.

‘ग्रीस वाचवला’: निकाल लागला तो इ.स.पू. ४७९ मध्ये, ग्रीसच्या बिओशिया प्रांतातल्या प्लाटिया नगराजवळ. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस ग्रीकांचं चिलखती पायदळ ३८,७०० सांगतो. त्यात अथेन्सचे ८,०००, खुद्द प्लाटियाचे ६०० आणि स्पार्टन ५,०००. शिवाय प्रत्येक स्पार्टनामागे सात हेलॉट, म्हणजे स्पार्टाची शेती कसणारे गुलाम. ती झाली ३५,००० माणसं, आणि त्यांचा उल्लेखही होत नाही! पर्शियन घोडदळाने ग्रीकांच्या पाण्याचा गार्गाफिया झरा नासवला, रसद तोडली. ग्रीक रात्रीत मागे सरकू लागले आणि त्यांची फळी विस्कटली. ते पळताहेत असं समजून मार्डोनियस चालून आला आणि मारला गेला. त्याच्या छावणीत सर्वांत आधी घुसले ते तेगिया या ग्रीक नगरातले लोक. थीब्ज नगराचे ग्रीक मात्र पर्शियाच्याच बाजूने लढत होते. विजयानंतर डेल्फीच्या देवस्थानात उभारलेल्या कांस्यस्तंभावर ३१ नगरांची नावं कोरली गेली. तो स्तंभ, वरची सापांची डोकी तुटलेल्या अवस्थेत, आज इस्तंबूलमध्ये आहे.

‘स्वातंत्र्याची ढाल’: विजयानंतर स्पार्टाच्याच सेनापतीने, पॉसेनियसने, प्लाटियाच्या स्वातंत्र्याची हमी दिली होती. पुढे अथेन्सशी युद्ध पेटलं, तेव्हा स्पार्टाने अथेन्सच्या बाजूच्या या नगराला वेढा घातला. ४२७ मध्ये उपाशी प्लाटियन शरण आले. स्पार्टाच्या न्यायाधीशांनी एकेकाला एवढंच विचारलं: ‘या युद्धात तू स्पार्टाला किंवा तिच्या मित्रांना काही मदत केलीस का?’ ‘नाही’ म्हणणाऱ्याला बाहेर नेऊन ठार केलं. इतिहासकार थ्युसिडिडीसच्या नोंदीप्रमाणे किमान २०० प्लाटियन मारले गेले, बायका गुलाम झाल्या आणि पुढे नगर पायापासून उखडलं गेलं. त्याची जमीन कसायला मिळाली ती थीब्जच्या लोकांना.